काशीचा सूर्योदय

शहाण्णव साली, साठी उलटल्यावर, मी कुणाच्या पाया न पडता कॉम्प्युटर शिकले. तिथी सांगणारा प्रोग्राम लिहिला आणि भाच्याकरवी इंटरनेटवर सगळ्यांना फुकट देऊन टाकला. थोड्याच दिवसांत कॅनडातल्या एका मराठी मुलाची ईमेल आली: "काकू, तुमच्यामुळे आईची एकादशी चुकली."

मी भडकून लिहिलं, "काशीत बसून मी तिथी चुकवीन?"

"काकू, तिथी सूर्योदयावरून धरतात. तुम्ही साऱ्या जगाला काशीचाच सूर्योदय लावलाय. मी दुरुस्त करून पाठवतोय."

शेजारचे शास्त्रीबुवा उखडले. "काशीचा सूर्योदय बदलणारा हा कोण?"

म्हटलं, "बुवा, त्याच्या आईने उपास कुणाचा सूर्य बघून धरायचा?"

दुरुस्ती तपासली. बिनचूक होती. मग त्याला लिहिलं, "प्रोग्रामात माझ्या नावाखाली तुझंही नाव घातलंय. आता एकादशी चुकली, तर तुझ्या आईच्या शिव्या दोघांनी खायच्या."