अक्का, उद्या पोर उपाशीच येईल

सरपंच भाऊ, नाना, आबा, आणि खाली सतरंजीवर बसलेल्या बठ्ठ्या, सगळ्या आयाबायांनो,

मला माईक धरायची सवय नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. अक्कांच्या या शोकसभेत बोलणाऱ्यांत माझं नावही नव्हतं. पण आत्ता नाना बोलता बोलता म्हणाले, "बाई सोन्यासारखी, पण शेवटी शेवटी वयानं विसरायला लागली होती." म्हणून मी उठले. नाना, राग मानू नका. अक्का काही विसरल्या नव्हत्या.

मी ज्योती. तांबट गल्लीतली. माझे मालक भांड्यांवर ठोके देतात. आज अक्कांसाठी गल्लीतले ठोके बंद ठेवलेत. ही माझा पदर धरून उभी शे ती माझी गौरी. चार वर्षांची. जन्मापासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लोक म्हणायचे, म्हाताऱ्यांचा रोग पोरीला कसा? मला काय माहीत कसा. मी फक्त तिचा हात धरून चालायची.

निर्मला अक्का रिटायर नर्सबाई. सोनगीरच्या घराघरात बॅटरी घेऊन फिरायच्या, डोळ्यांत बघायच्या. त्यांनीच सांगितलं, जळगावला विमान येतंय, त्याच्या पोटात ऑपरेशनची खोली शे, मोठे डॉक्टर शेत, पैसा लागत नाही. मी म्हटलं, अक्का, पोरीला घेऊन उडालं तर? त्या म्हणाल्या, "उडत नही व माय, जागेवर उभं राहतं. आणि उडालंच तर मी पंखाला लटकते, मग तर झालं?"

आणि एक गोष्ट त्यांनी चार वेळा सांगितली. ऐका बरं, चार वेळा. माझ्या ओट्यावर बसून, माझे दोन्ही हात धरून. "पोर उपाशी पाहिजे. दूध नको, बिस्कीट नको. झोपेचं औषध देतात. पोटातलं वर आलं आणि श्वासात गेलं, तर पोर उठत नही."

मी ऐकलं. मान हलवली.

आणि सोमवारी पहाटे, जीप दारात उभी असताना, मी गौरीच्या हातावर दही-साखर ठेवली.

आपल्याकडे कोणी परीक्षेला निघालं, कोर्टात निघालं, पोरगी बघायला निघालं, तर हातावर दही-साखर ठेवल्याशिवाय उंबरा ओलांडतो का आपण? एवढं मोठं काम, आणि पोरीला कोरड्या हातानं पाठवू? माझं मन धजेना. मला वाटलं, दही-साखर म्हणजे काय जेवण थोडंच शे? तो तर शकुन. आणि पोरगी उपाशी, तिनं आणखी मागितलं. मी आणखी दिलं. वाटीभर झालं असेल.

विमानाजवळच्या खोलीत सिस्टरनं विचारलं, "काही खाल्लं का हिनं?" मी म्हटलं, नाही.

गौरीचा नंबर दुसरा होता. हिरवे कपडे घातले, टोपी घातली. न्यायला आले. आणि ही बसल्या बसल्या आपला तळहात चाटत होती. अक्कांनी पाहिलं. तिची मूठ उघडली. हात चिकट. अक्कांनी तो हात नाकाशी नेला आणि माझ्याकडे बघितलं. हळूच म्हणाल्या, "ज्योती, खरं सांग. पोरीच्या पोटमा काय शे?"

मी पदरानं तिचा हात पुसायला लागले.

त्या तशाच उठल्या आणि डॉक्टरांकडे गेल्या. गौरीचा त्या दिवसाचा नंबर रद्द करायला लावला.

मग मी काय केलं? ज्या बाईनं माझ्या पोरीचा जीव वाचवला, तिच्यावर मी ओरडले. सगळ्यांसमोर. तुम्ही माझ्या पोरीचा घात केला, म्हटलं. दोनदा म्हटलं. आपल्या गावचे लोक होते तिथं. कमळामावशी, तुम्ही होत्या. मालकही धावत आले, "काय झालं, काय झालं?" आणि अक्का म्हणाल्या, "माझी चूक. उपाशी ठेवा, हे सांगायचंच राहून गेलं माझ्याकडनं."

नंतर अक्कांनी तिथल्याच नळावर मला एकटीला गाठलं. मला वाटलं, आता शिव्या देतील. तर म्हणाल्या, "तुला त्या घरात राहायचंय अजून. माझं काय, माझ्यावर कोण हात उचलणार शे? फक्त पुढच्या वेळी हात धुऊन आण पोरीचा."

गुरुवारी गौरीचा एक डोळा झाला. त्यासाठी अक्का तीन दिवस त्या डॉक्टरांच्या मागे फिरल्या. शुक्रवारी पट्टी काढली. ही बघत राहिली, बघत राहिली, आणि अक्कांच्या तोंडाकडे हात नेऊन म्हणाली, "अक्का, तुमच्या नाकात काय चमकतं?" चमकी होती. चार वर्षं ज्या अक्कांचा नुसता आवाज ओळखायची, त्यांची चमकी ओढत बसली. अक्का ओरडतायत, "सोड व माय, नाक तुटी जाई मनं," आणि हसतायत.

पण तोवर गावात बोलणं सुरू झालं होतं. अक्का विसरतात. अक्कांच्या भरवशावर जाऊ नका. दोन घरांनी यादीतून आपली नावं काढून घेतली. कमळामावशी, तुम्हीही काढलं. तुम्ही म्हणालात, "आज उपाशी ठेवायचं विसरली, उद्या कोणता डोळा तेही विसरेल." मी तिथंच, गावच्या नळावर उभी होते. ऐकलं मी. आणि घागर उचलून घरी गेले.

रविवारी भर उन्हात अक्का नाव काढलेल्या एका घरी, पार मळ्यात, समजूत काढायला गेल्या. तिथून परत येताना जीपमध्येच छातीत कळ आली. धुळ्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं.

डॉक्टर म्हणतात, हृदय आधीच कमजोर होतं. असेल. पण त्या उन्हात त्या कुणासाठी गेल्या होत्या, हे मला माहीत शे.

मालकांना काल सांगितलं. ते अजून माझ्याशी बोललेले नाहीत. ते बघा, तिकडे खांबाला टेकून उभे शेत. सासूबाईंना आत्ता कळतंय. घरी गेल्यावर जे व्हायचं ते होईल. पण अक्कांच्या नावावर माझी चूक राहू नये.

उद्या गौरीचा दुसरा डोळा. मला फार भीती वाटते हो. उद्या तिथं तिची मूठ उघडून कोण बघणार? मी स्वतःवर भरवसा ठेवू का? म्हणून तुम्हाला सांगते. उद्या पहाटे चारला माझ्या दारात या. कुणीही या. माझे हात बघा, पोरीचे हात बघा. घरातलं दही मी शेजारी देऊन आलेय.

कमळामावशी, विमान शनिवारपर्यंत उभं शे. जीपमध्ये माझ्या शेजारी जागा शे. तुम्हाला अक्कांचा भरवसा नव्हता, तो माझ्यामुळं. या. नाही म्हणू नका.

आता बठ्ठे दोन मिनिटं उभे राहू, गप्प राहू. मी दहा दिवस गप्प राहिले, ते गप्प राहणं पाप होतं. हे तसं नाही.

अक्का, तुमच्या पाया पडते. उद्या पोर उपाशीच येईल. हात धुऊन आणते.