रोबोट, नारळ आणि आटलेलं तळं

चहा निवला तरी चालंल, आधी हे ऐका. कॉलेजच्या क्लबात आमी मंगळावर पाणी शोधणारा रोबोट बनवलाता. केजजवळचं आटलेलं तळं, तोच आमचा मंगळ. चाचणीसाठी एका जागी आमीच बाटलीभर पाणी वतलं. रोबोट गेला, अन् बरोबर तिथंच थांबून बोंबलायला लागला.

तळ्याच्या पाळीवरून दूध सोसायटीचे चेअरमन आण्णा बघत होते. दुष्काळात जनावरांला पाणी न्हाई, म्हणून त्यांनी लगेच जमिनीखालचं पाणी सांगणाऱ्या पाणाड्याला बोलावलं. तो तळहातावर आडवा नारळ घेऊन फिरला, तर नारळबी त्याच जागी उभा!

"बोअरची गाडी बोलवा," चेअरमन म्हणले.

मी सांगायला तोंड उघडलं. गाडी आली तरी दोस्त माझा हात दाबतोय, "गप बस बे!" पण मशीनचा दांडा जमिनीला टेकला अन् मला ऱ्हावलंच न्हाई.

"आण्णा, थांबवा! तिथं आमीच पाणी वतलंय!"

चेअरमन पाणाड्याकडं वळले. तो जरासुद्धा हलला न्हाई.

"एवढं मोठं तळं सोडून पोरांनी नेमकं हितंच कावून वतलं, ते इचारा की त्यायला."

चेअरमननी माझ्याकडं बघितलं. मग बोअरवाल्याला हात केला.

"चालू कर बे मशीन!"