यमुनेच्या मेजावरची पाटी

मंडळी, आज एकच विचारतो. माणूस मोठा कशानं होतो? त्याला ज्या नावानं हाक मारतात त्यानं, की हाक आल्यावर तो जे करतो त्यानं? थांबा, लगेच माना डोलवू नका! लग्नपत्रिकेत नावापुढं दोन-दोन पदं छापून घेणारे इथंच बसलेत, मी बघतोय.

तर ऐका. घाटाखालच्या एका तालुक्याचं कोर्ट. आवारात कडुलिंब, आणि लिंबाखाली वकिलांचे कारकून. बोलायचं वकिलांनी, कागद लावणं, तारखा सांभाळणं, घाबरलेल्या पक्षकाराला पाणी पाजणं, हे सगळं ह्यांचं. एकदा त्यांनी ठरवलं, आता कारकून म्हणवून घ्यायचं नाही. एक म्हणे लीगल असिस्टंट, दुसरा म्हणे पॅरालीगल. तिसऱ्यानं लिटिगेशन एक्झिक्युटिव्ह काढलं — अहो, हे नाव सांगून होईतो पुकारा होऊन केस निकाली निघायची!

त्यांच्यातलीच यमुना, राजोपाध्ये वकिलांकडं कामाला. मेजावर लावायला पाटी करायची होती. साहेब म्हणाले, तुला हवं ते पद सांग. पण हिचं ठरेना. का? तर गावी तात्यांनी, म्हणजे हिच्या वडिलांनी, सगळ्यांना सांगून ठेवलेलं — माझी लेक वकील आहे! बापाचं काळीज ते. लेक काळ्या कोटवाल्यांत वावरते एवढं पाहिलं आणि छाती फुगली. यमुनाही गप्प राहिली. गोड वाटलं असेल. कुणाला नाही वाटत?

आणि एका सकाळी तात्या दत्त म्हणून उभे! डोक्याला नवा फेटा, मागं शेजारची कोंडाबाई. बाई विधवा. दिरानं राहत्या घरातून काढायला दावा लावलेला, आज पहिली तारीख. तिनं वकीलच केला नव्हता. कशाला करील? तात्यांची लेक आहे की! तिनं यमुनेचा हात धरला. "तू उभी राहा गं माझ्यासाठी. मला दुसरं कोण आहे?"

मंडळी, सांगा आता! खरं बोलावं तर बापाचा फेटा उतरतो. गप्प बसावं तर बाईचं घर जातं. यमुनेनं तात्यांकडं पाहिलं, मग मान खाली घातली.

"काकी, मी वकील नाही. वकिलांची कारकून आहे."

तात्यांनी तोंड फिरवलं. लिंबाकडं बघत राहिले.

यमुना मात्र थांबली नाही. कोंडाबाईला साहेबांपुढं नेलं, वकीलपत्रावर अंगठा घेतला. साहेबांचं दुसरं काम पलीकडच्या कोर्टात. ते तिकडं गेले, आणि इकडं कोंडाबाईचा पुकारा झाला. यमुनेनं तिला धरून आत नेलं, म्हणाली, आमचे साहेब शेजारच्या कोर्टात आहेत, जरा थांबावं.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण कोण?"

दारात तात्या उभे होते बरं का!

"वकिलांची कारकून, साहेब."

"बरं. थांबतो."

वकील आले, बोलले. दाव्याचा निकाल लागेतो घराला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम झाला. बाहेर आल्यावर कोंडाबाई तात्यांना म्हणाली, "दादा, वकील पुढं उभा होता. ही माझ्याजवळ उभी होती. हात सोडला नाही बघा पोरीनं."

तात्या फाटकाकडं चालू लागले.

अहो, माझ्या गोपाळाला पदांची वानवा होती का? द्वारकेचा राजा तो! पण रणात धनुष्य अर्जुनाच्या हाती राहू दिलं आणि आपण लगाम धरले, घोड्यांना पाणी पाजलं. म्हणून तर आपण त्याला आजही पार्थसारथी म्हणून हाक मारतो.

संध्याकाळी यमुना दोघांना एस.टी.त बसवायला गेली. शेजारच्या प्रवाशानं तात्यांना विचारलं, खाली उभी आहे ती कोण हो? तात्यांनी फेटा सारखा केला.

"माझी लेक. वकिलांची कारकून आहे."

खिडकीखाली यमुनेनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिनं पाटीवाल्याला तेच पद सांगून टाकलं.

आता तुम्ही. ज्या बाईनं दुपारी हा मंडप झाडला, तिला तुम्ही काय नावानं हाक मारता ते मी विचारत नाही. हाक मारताना तुमचा आवाज कसा असतो, तेवढं उद्या स्वतःच ऐका. आणि आत्ता, त्याच आवाजात, आपल्या सारथ्याला एकदा हाक मारा!