आठ नंबरचं टारगेट

मच्छिंद्र : चोरीचा माल चोराच्या मुलीनंच घरी आणून द्यावा, हे पहिल्यांदा बघतोय. बसा की. उभ्या का?

रझिया : उभीच बरी. मी पदक द्यायला आलेय, शिव्या घ्यायला नाही. अब्बा महिन्यापूर्वी गेले. त्यांच्या पेटीत, वर्दीच्या घडीखाली हे निघालं. कडेवर कोरलंय बघा : ‘शिपाई सर्जेराव, उत्तम नेमबाज, १९५८.’ काल विश्रांतवाडीत तुमच्या वडलांचा फ्लेक्स दिसला. नाव तेच, पलटण तीच. म्हणून आले.

मच्छिंद्र : रविवारी चौकाला त्यांचं नाव देतोय. नगरसेवक येणार आहेत. पदक काचेच्या पेटीत ठेवायचंय. आई म्हणायची, हरवलं. आणि निघालं कुठं, तर तुमच्या घरी येरवड्यात! तुमचे वडील कोण म्हणालात?

रझिया : अकबर शेख. त्यांच्याच पलटणीतले.

मच्छिंद्र : शेख. मग मिटलंच.

रझिया : काय मिटलं? पूर्ण बोला ना. अर्धं गिळू नका, पोट बिघडेल.

मच्छिंद्र : तसं नाही हो…

रझिया : तसंच आहे. आणि फ्लेक्सवर ‘सुवर्णपदक’ छापलंय. हे चांदीचं आहे.

मच्छिंद्र : सोनेरी अक्षरं लांबून दिसतात, मॅडम.

(आतल्या खोलीतून मच्छिंद्रची आई बायडाबाई भिंत धरत येते.)

बायडाबाई : कोन अकबरचं नाव घेतंय?

मच्छिंद्र : आई, तू पड जाऊन. पदक सापडलं. ह्यांच्या बापानं ढापलं होतं.

बायडाबाई : तोंड आवर! तुझ्या बापानं सोताच्या हातानं नेऊन दिलं त्याला. टांग्यात शेजारी मी बसले व्हते. पोरी, तू अकबरची लेक? गेला व्हय गं तो?

रझिया : गेले, मावशी. पण नाव तर सर्जेरावांचं आहे. मग दिलं का?

बायडाबाई : नाव ह्यांचं. गोळ्या अकबरच्या.

मच्छिंद्र : काहीतरीच काय?

बायडाबाई : ऐक. नेमबाजीची परीक्षा व्हती. म्होरं मातीचा बांध, त्याच्याखाली नंबर घातलेली टारगेटं. अकबरचं आठ, ह्यांचं नऊ. ह्यास्नी हिवताप. हात लटलट कापायचा. ह्यांच्या धाच्या धा गोळ्या मातीत. आन नऊ नंबरवर धा भोकं, सगळी मधल्या काळ्यात.

मच्छिंद्र : कशी?

बायडाबाई : अकबरनं आठ सोडून नऊवर मारल्या. आठ नंबर कोरा. ह्यास्नी पदक, वर नायकाची फीत. अकबरला भोपळा. सगळी पलटण त्याला आंधळा म्हनाया लागली.

रझिया : आंधळा अकबर… अब्बांचे दोस्त घरी यायचे ना, तसंच हाक मारायचे. मला कळायचंच नाही. शेवटपर्यंत चष्मा नव्हता त्यांना. अब्बा नुसते हसायचे.

मच्छिंद्र : आणि दादा गप्प बसले?

बायडाबाई : तीन दिस. चौथ्या दिशी सुभेदाराला सांगाया गेले. सुभेदार म्हनला, पदकावर नाव कोरून झालंय, जा. मग सुट्टीत नेऊन अकबरच्या हातात दिलं. ह्यांनी इचारलं, का रं असं केलं? त्यो म्हनला, मला आकडे वाचता येत न्हाईत, चुकलो.

रझिया : काय म्हणाले?

बायडाबाई : आकडे येत न्हाईत म्हनला.

रझिया : मावशी, अब्बा सातवी पास होऊन पलटणीत गेले होते. पेन्शनीत आल्यावर बारा वर्षं टपालात होते. पत्रं लावायचे, घरांच्या नंबरांवरून.

बायडाबाई : …मंग त्यानं आकडे येत न्हाईत म्हनून का सांगावं?

रझिया : तेच मी विचारतेय.

मच्छिंद्र : म्हणजे मुद्दाम? ही तर फसवणूक झाली. दादांची नि तुझी, दोघांचीही!

बायडाबाई : त्या साली नेमात दुसऱ्यांदा नापास हुईल त्याला घरी धाडनार व्हते. ह्यांचं एकदा झालं व्हतं, अकबरचं न्हाई. तू पोटात व्हतास. अकबरला ठावं व्हतं. पन म्हनून केलं, का खरंच नजर सरकली, मला कसं कळावं? पन्नास वर्सं चूकच समजत आले मी.

रझिया : मी महिनाभर त्यांना चोर समजले. कबरीवर गेले नाही.

मच्छिंद्र : हे बघा, झालं गेलं. पदक ठेवा इथं. रविवार निघू दे, मग बघू.

रझिया : काय बघू?

मच्छिंद्र : अहो, निमंत्रणं वाटलीत! आता चौकाला कोणाचं नाव देऊ? गोळ्या झाडणाऱ्याचं, की कोरलेलं? आई, तूच सांग. बोर्ड रंगवून तयार आहे.

बायडाबाई : पोरी, ते पदक ने तू. जाताना अकबरच्या कबरीकडनं जा.

मच्छिंद्र : आणि बोर्ड?

बायडाबाई : लाव की. नाव पुसून लाव. आठ नंबरबी कोराच व्हता.