भास्करच्या टेबलाखालची पितळी पट्टी

भास्कर किन्हीकरने मला फसवलं. वाकड्या टेबलाची बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवरून फिरणाऱ्या लांब पात्याची करवत, त्याने मला सरळ म्हणून विकली. हे आधी लिहून घ्या, बाकीचं मग सांगतो.

आमचे वडील नागपूरहून सरकारी हापिसाबरोबर भोपाळला आले, टी. टी. नगरात दोन खोल्या. मी शाळेत असतानाच ते गेले, तेव्हापासून भाजीपासून सायकलीपर्यंत सगळा सौदा मीच करत आलो, आणि काय सांगू तुम्हाला, समोरच्याला बोलू दिलं की भाव चढतो हे मी तेव्हाच शिकलो. आयटीआय केलं, कारखान्यात फिटर लागलो. भास्कर पॅटर्न शॉपमध्ये. तिथे लोखंड ओतायचे साचे काढण्यासाठी लाकडाचे नमुने बनवायचे. तीस वर्षं आम्ही टाउनशिपच्या बसमध्ये एकाच बाकावर बसलो. मी खिडकीशी, तो कडेला.

त्याचं शॉप बंद झालं तेव्हा त्याने लिलावात आपलीच मशीन उचलली. पुढे गुडघे गेले, उभं राहवेना, म्हणाला, बापू, तूच घे, दुसऱ्याच्या हाती द्यायला मन होत नाही. तर मी गेलो. गंज दाखवला, चाकाचं रबर दाखवलं, मोटर किती गुरगुरते ते दाखवलं. तो मध्येच म्हणायला लागला, बापू, टेबलाचं जरा ऐक. मी म्हटलं, गुण सांगून भाव वाढवू नको भाई, ते मला दिसतंय. तो हसला आणि गप्प बसला. भाव माझाच लागला.

मशीन क्वार्टरमागच्या टिनाच्या शेडमध्ये आणली. घरात नवी मशीन आली की हळद-कुंकू लावल्याशिवाय आमची ही बटण दाबू देत नाही, म्हणून रॉकेलने सगळी पुसून काढली, स्वस्तिक काढलं, नारळ फोडला.

मुलीने मिसरोदला घर घेतलं होतं, आठ दिवसांवर वास्तुशांत. तिच्या सासरच्यांसमोर मी बोलून बसलो होतो, देव्हारा मी माझ्या हाताने करणार, विकतचा आणू नका. सागवान आणलं, जाड फळ्या. कापल्या, जोडायला घेतल्या तर एकही सांधा मिटेना. पुढून फळी टेकली की मागून फट. पुन्हा कापल्या, पुन्हा तेच. सागवान संपत चाललं, दिवस संपत चालले, आणि मुलगी रोज फोनवर, बाबा, झाला का? मी म्हणायचो, पॉलिश राहिलंय. पॉलिश कुठलं, अजून खोकं उभं राहत नव्हतं.

मग काटकोन तपासायचा गुण्या घेतला. एक बाजू टेबलावर, दुसरी पात्याला. खाली टेकतो, वर उजेड दिसतो. फिटरच्या डोळ्याला तो उजेड म्हणजे शिवी असते. बोल्ट ढिले केले, टेबल उचललं, तर एका बाजूला खाली पितळी पट्टी, कानशीने घासून एकीकडे निमुळती केलेली. ठरवून बसवलेली होती, बघा. माझं डोकं फिरलं. पट्टी काढली, टेबल बसवलं, बोल्ट थोडा आवळायचा, गुण्या लावायचा, पुन्हा थोडा आवळायचा. एक बोल्ट घट्ट केला की दुसरा कोपरा उचलायचा. अख्खी सकाळ गेली, शर्ट ओला झाला, पण उजेड बुजवला. पहिलीच फळी कापली ती काटकोनात.

तसाच पट्टी घेऊन दुधाच्या बूथवर गेलो. भास्कर रांगेत होता. चार लोकांसमोर पट्टी काउंटरवर आपटली, म्हटलं, हे झाकून मशीन विकलीस? तीस वर्षं शेजारी बसून?

त्याने पट्टी उचलली, अंगठा फिरवला. म्हणाला, बापू, नमुना साच्याच्या वाळूतून वर उचलायचा असतो, सरळ उभा कापला तर वाळू तुटते, म्हणून कडेला ढाळ द्यावा लागतो. दीड डिग्रीचा ढाळ आहे हा. मी तो सांगायला लागलो तर तू म्हणालास, गुण सांगू नको. म्हणून चाकाच्या झाकणावर खडूने लिहून ठेवलं होतं, सरळ कापायचं तर पट्टी काढ. वाचलं नाहीस?

रांगेतला कोणीतरी हसला. भास्करने पट्टी खिशात घातली, दूध घेतलं, लंगडत निघून गेला.

घरी येऊन हिला सांगितलं. ही कणीक मळत होती. म्हणाली, होतं खडूने काहीतरी, मी म्हटलंही, वाचून तरी बघा, तर तुम्ही म्हणालात कबाड्याचा हिशेब असेल, आणि रॉकेलचा बोळा फिरवला.

आता देव्हारा मिसरोदला उभा आहे. सांध्यात नख जात नाही, जाऊन बघा. मुलगी सुखात आहे, देव तिचं भलं करो. वास्तुशांतीला भास्करची बायको आली, ओटी भरून गेली. तो आला नाही. संध्याकाळी बागेत माझ्या बाकावर बसत नाही, पलीकडच्यावर बसतो.

तरी मी म्हणतो, फसवलंच. मी सौद्यात कोणाला बोलू देत नाही हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? माझा हात धरायचा होता. म्हणायचं होतं, बापू, तोंड बंद कर आणि ऐक. तीस वर्षांत तेवढा हक्क झाला नव्हता का त्याचा? हसून गप्प बसला आणि खडूवर सोडून दिलं. ज्याला पितळ घासता येतं त्याने खडूने का लिहावं? तुम्ही लिहिणारे आहात, त्याच्याकडेही जालच. त्याला समोर बसवून हे विचारा, आणि तो काय म्हणतो ते मला आणून वाचून दाखवा. मी मध्ये बोलणार नाही.