पलीकडचे दोन ठोके

ताई : एकच ठोका?

वेतकाका : एकच. टण्ण! पलीकडच्या फुटपाथवरून. तुमच्या भावाच्या काठीचा, ताई. खोटं बोलत असेन तर जीभ झडो माझी.

ताई : आतापर्यंत सातदा झडायला हवी होती ती. तुम्ही विणलेल्या खुर्चीत एक न्यायाधीश बसले आणि तीन दिवस उठलेच नाहीत, हे कोण सांगत होतं?

वेतकाका : उठतील कसे? वीणच तशी होती, माणसाला सोडवेना. बरं, अडीच दिवस म्हणा. पण हे तसलं नाही. चार महिने झाले. संस्थेतून निघालो की त्या चौकात उभा राहतो, कान लावतो, पाऊल उचलतो, की पलीकडून टण्ण. एक ठोका म्हणजे थांब. मी थांबतो. पुढचे ठोके येतच नाहीत. शेवटी वळसा घालून पुलावरून घरी जातो, येतानाही पुलावरूनच येतो.

ताई : म्हणजे बुधवारच्या बुद्धिबळाला तुम्ही अर्धा तास उशिरा येता ते यासाठी? मला सांगता गुडघा धरलाय.

वेतकाका : गुडघाही धरलाय. पुलाला बहात्तर पायऱ्या आहेत.

ताई : काका, त्याची काठी दोन तुकड्यांत मिळाली. तळाचं पितळी टोपण माझ्या पर्समध्ये आहे, चार महिने. घाला हात, चाचपून बघा. मग पलीकडे वाजतंय काय?

वेतकाका : मला काय माहीत? मी खुर्च्या विणतो, भुतं नाही विणत.

ताई : श्श. जिन्यात कोणीतरी आहे. बूट करकरतायत.

वेतकाका : डोळस माणूस. कठडा सोडून चढतोय आणि दर तिसऱ्या पायरीला ठेचकाळतोय.

इंजिनिअर : नमस्कार, मॅडम. तुमच्या जिन्यात दिवा नाही का हो?

वेतकाका : असेल बुवा. आम्ही कधी पाहिला नाही.

इंजिनिअर : सॉरी. मी पालिकेच्या रस्ते विभागातला इंजिनिअर. अंध संघाच्या अध्यक्षा आपणच ना? खालच्या चौकातल्या आवाजाच्या सिग्नलबद्दल आलो होतो.

ताई : बसा. वेताच्या खुर्चीत नको, काकांनी विणलेली आहे. तर, सहा वर्षं झाली. सत्तेचाळीस अर्ज, तीन धरणी. एकदा तर तुमच्या मोठ्या साहेबांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून आम्ही त्यांना चौक ओलांडायला लावला.

वेतकाका : दुभाजकाला मिठी मारून उभे होते बिचारे. आईला हाका मारत होते. पोलिसांनी बोटं एकेक करून सोडवली.

ताई : काका, बोटांचं तुम्ही पदरचं घातलंत. सिग्नल मंजूर झाला का, तेवढं सांगा.

इंजिनिअर : झाल्यात जमा आहे. यंत्र गोदामात येऊन पडलंय. लाल असताना टिक्‌, टिक्‌, चालणाऱ्यांना हिरवा झाला की जलद वाजतं. सोमवारी खांबावर चढेल. फक्त या पत्रावर तुमची सही हवी.

ताई : वाचा. मागच्या वेळी एक साहेब मधली ओळ गिळून गेले होते. गिळू नका.

इंजिनिअर : '…संस्थेचे चिटणीस यांचा सदर चौकात झालेला अपघाती मृत्यू हा त्यांच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला असून, याबाबत पालिकेविरुद्ध केलेली तक्रार संस्था मागे घेत आहे.' एवढंच आहे.

ताई : एवढंच.

इंजिनिअर : मॅडम, मी कागद आणणारा माणूस. सही नसेल तर यंत्र दुसऱ्या वॉर्डात जाईल, असं वरून सांगितलंय.

ताई : चिटणीस माझा धाकटा भाऊ. निष्काळजी म्हणे! या खोलीतल्या दोन खुर्च्यांत किती वितींचं अंतर हवं, याचा नियम होता त्याचा. मीटिंगला दोन मिनिटं उशीर झाला तर दिवसभर फुगून बसायचा.

वेतकाका : माझ्यावर तर वर्षभर फुगला होता.

इंजिनिअर : मला समजतंय. पण नोंद अशी आहे की तेव्हा गाड्यांना हिरवा होता. तरीही ते रस्त्यात उतरले.

ताई : तेच तर मला उलगडत नाही. त्याला उडवणारी बस बॅटरीवरची, तिला आवाज नाही, कबूल. पण पुढून पक्की खूण आल्याशिवाय तो पाऊल टाकायचा नाही. मग गेला कसा? काय ऐकलं असेल त्यानं? काका, तुम्ही त्याच्या पुढे होतात ना?

वेतकाका : सही करू नका, ताई.

ताई : का? आपले अकरा जण रोज जीव मुठीत धरून तो चौक ओलांडतात. तो असता तर म्हणाला असता, ताई, कर सही, मेल्यावर नावाचं काय लोणचं घालायचंय? पत्र ऐकल्यापासून हेच घोळवतेय मी. हात धजत नाही, पण करणार होते.

वेतकाका : नका करू. तो आपणहून उतरला नाही. त्याला बोलावलं होतं.

ताई : कोणी?

वेतकाका : साहेब, तुम्ही ऐका. तुमचा खांब मुका, म्हणून आम्ही आपली एक पद्धत काढली. एकानं कुणा वाटसरूचा हात धरून आधी पलीकडे जायचं. तिथे उभं राहून रहदारीचा अंदाज घ्यायचा आणि काठी आपटायची. एक ठोका, थांब. दोन ठोके, मोकळा आहे, ये. त्या दिवशी मी आधी गेलो. पलीकडे डांबर टाकलेलं. माझ्या काठीच्या टोकाला हा एवढा गोळा चिकटला. तो झटकायला म्हणून मी काठी खांबाच्या पायावर आपटली. नाही पडला.

ताई : मग?

वेतकाका : मग पुन्हा आपटली.

ताई : दोनदा.

वेतकाका : दोनदा. आणि उशीर करायची सवय त्याला नव्हती.

इंजिनिअर : मी खाली थांबू का थोडा वेळ?

ताई : बसा तिथेच. काका, तुम्ही चार महिने या खोलीत माझ्यासमोर बसून न्यायाधीशांच्या गोष्टी सांगत होतात.

वेतकाका : त्या आपसूक येतात हो तोंडात. खरी गोष्ट एकच होती, ती घशाशी येऊन अडकायची. साहेब, निष्काळजीपणा लिहायचाच आहे ना? माझ्या नावावर लिहा. आमच्या चिटणिसाला मोकळा करा.

इंजिनिअर : तसा… तसा रकाना नाहीये यात.

ताई : मग करा. पेन काढा, कागद उलटा करा. लिहा. आमचे चिटणीस 'ये' असा इशारा ऐकून रस्त्यात उतरले. इशारा चुकून दिला गेला. देणारा आमचाच माणूस होता, आणि त्यालाही समोरची बस ऐकू आली नाही. चौकातला खांब मुका असल्यामुळे गेली सहा वर्षं आंधळ्यांनी आंधळ्यांना काठीनं वाट सांगायची वेळ आली आहे. तक्रार आम्ही मागे घेत नाही. लिहिलंत? आता सहीच्या जागी पट्टी धरा, म्हणजे ओळ सुटणार नाही.

इंजिनिअर : मॅडम, साहेब हे घेणार नाहीत. यंत्र जाईल.

ताई : गेलं तर अकराच्या अकरा जण सोमवारी तुमच्या कचेरीच्या जिन्यात. येणार ना, काका?

वेतकाका : ताई, मला काहीतरी बोला. शिव्या द्या.

ताई : देईन. भरपूर साठल्यात. आज नाही सुचत. उठा, चौकापर्यंत येते तुमच्याबरोबर. पूल नको आज.

(तिघं चौकात, फुटपाथच्या कडेला. दुपारची वेळ.)

इंजिनिअर : चला, आपल्याला हिरवा आहे. रस्ताही रिकामा दिसतोय.

वेतकाका : थांबा! ऐकलंत?

ताई : …टण्ण.

वेतकाका : तुम्हालाही आला? एकच ना? रोज हे असंच. येऊ देत नाही मला. सगळं ओकून टाकलं तरी नाही.

इंजिनिअर : कोण येऊ देत नाही? पलीकडे कोणीही नाहीये. रस्ता रिकामा आहे, मी बघतोय ना डोळ्यां… अरे! अरे बापरे!

ताई : काय झालं? वारा कसला आला अंगावर?

इंजिनिअर : बस. बॅटरीची. वळणावरून लाल तोडून गेली. आवाजच नाही हो तिला! आपण आत्ता… मी तर तुम्हाला चला म्हटलं होतं.

वेतकाका : चार महिने, ताई. आणि मी समजत होतो, राग धरून बसलाय.

ताई : साहेब, हे फडफडतंय काय?

इंजिनिअर : कागद. खिशातून बाहेर काढलाय मी. मॅडम, हा कागद मी टेबलावर ठेवून येणार नाही. साहेबांसमोर उभा राहून वाचेन. ओळ न गिळता.

ताई : वाचा. आता जरा गप्प बसा.

वेतकाका : एक… दोन. ताई, दोन!

इंजिनिअर : मला तर काहीच ऐकू आलं नाही.

वेतकाका : ताई, टोपण? पर्समध्ये आहे ना?

ताई : मुठीत आहे माझ्या. मघापासून घट्ट धरलंय.

वेतकाका : मग पलीकडे…

ताई : हात द्या, काका. उशीर केलेला त्याला चालत नाही.