गाडीनं वारं धरलं ती सकाळ

माझा जन्म सूर्यमाळचा. सूर्यमाळ गाव बोलतात, पण गाव कुठं हाय, एक पाडा या टेपावर, दुसरा त्या टेपावर, मधी दरी, हाक मारली तर ऐकू येते पण जायला निघालं तर दम निघतो. आमचा पाडा सगळ्यात वरचा. बापाची नागली, वरई, बाकी डोंगर. दिवाळी झाली की दाराला काटी लावून सगळे खाली भिवंडीला वीटभट्टीवर जायचे, मी भट्टीवरच मोठा झालो असं लिहा, ताई. तिथं मातीचा ट्रक यायचा, त्यावर एक भैया ड्रायव्हर होता, त्यानं मला गाडी शिकवली, हिंदी शिकवली, शिव्या पण शिकवल्या, त्या लिहू नका. तो बोलायचा, डीझल की गाडी झूठ नहीं बोलती, धुआँ देख. काळा धूर, पांढरा धूर, गाडी आपलं दुखणं धुरातून सांगते.

मंग खोडाळ्याच्या एका शेठची जीप माझ्या हातात आली. सकाळची पहिली फेरी सूर्यमाळ ते खोडाळा, म्हणून गाडी पाड्यावरच ठेवायचो. ठेवायची पण रीत असते, काय सांगू तुमाला, थंडीच्या दिवसात आमच्याकडं डीझल गाडी सपाटीवर ठेवणारा ड्रायव्हर म्हंजे येडा. उतारावर लावायची, तोंड खाली, चाकाला दगड. सेल्फनं नाय उठली तर दगड काढायचा, गाडी उताराला लागली की गिअरमधी टाकून क्लच सोडायचा, झक मारत उठते.

जनी माझी धाकटी बहीण. पाड्यातच दिली, सोमाला, म्हंजे डोळ्यासमोर राहील. ज्या सालात आमच्या डोंगरात भुकेनं पोरं जात होती त्या सालात तिचं पहिलं पोर गेलं. मंग लय दिवस काही राहिलं नाय. राहिलं तेव्हा सोमा तिला पाण्याचा हंडा उचलू देत नव्हता, स्वतः डोक्यावर हंडा घेऊन झऱ्यावरून यायचा, बाया त्याला हसायच्या, सोमाबाय आली रं, सोमाबाय आली. तो पण हसायचा. असा माणूस. हे आधी सांगतो, कारण पुढचं ऐकून तुमाला त्याचा राग येईल.

पौषातली गोष्ट. उजाडत होतं, गवतावर दव असं की पाय बधीर व्हायचे. देवकाबाय सुईण माझ्या दारात आली, बोलली, चंदर, गाडी काढ, पोराचा पाय आधी आलाय, माझ्या हातचं नाय हे. मी जनीच्या घरात डोकावलो. चिमणी जळत होती, सगळी खोली धुरानं भरलेली, देवकाबायच्या नाकाखाली काजळी जमलेली. डीझलचा वास आला, पण मला वाटलं माझ्याच कपड्यांचा असेल, ड्रायव्हरला तो वास कुठं सुटतो. जनी बोलली, दादा, लवकर. एवढंच बोलली.

गाडीत बसलो, हीटरचं बटण दाबून धरलं. थंडीत डीझलचं इंजिन आतून गरम केल्याशिवाय पेट घेत नाय, त्यासाठी तो हीटर. मंग सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पण उठलं नाय. परत हीटर, परत सेल्फ. नाय. हॉर्न वाजवला, मोठा वाजला, म्हंजे बॅटरी ठीक. हीटरची वायर सोडून टेकवली, ठिणगी पडली, म्हंजे हीटरपर्यंत करंट पण येतोय. मी बोललो, गारठलीय, दुसरं काय. बापानं घमेल्यात इंगळ आणले, ते इंजिनाच्या ऑईलच्या टाकीखाली सरकवले, बायांनी चुलीवरचं कढत पाणी आणून फडकी भिजवून इंजिनावर टाकली. गाडीला शेक देत होतो आमी, बाळंतिणीला देतात तसा, आणि बाळंतीण तिकडं आत वरडत होती.

तरी नाय. मंग दगड काढला. सगळा पाडा मागून ढकलायला, मी गिअर टाकला, क्लच सोडला, गाडी झटके देत देत खाली गेली आणि पार ओहोळापाशी सपाटीवर जाऊन गप झाली. उतार संपला. तुमी गाडी चालवत असाल तर तुमाला कळंल, उतार एकदाच मिळतो. वर चढवायला बैल लागतील, दुपार होईल.

वरून एक म्हातारा आवाज देतो, काय झालं रं, बैल असता तर शेपूट पिळली असती, हिला काय पिळू? हसलं नाय कोण.

बाप बोलला, डोली बांधा, चालत नेऊ खोडाळ्याला. देवकाबाय बोलली, डोलीत हिसके बसतील, वाटंतच जाईल ती. दोघांनी घोंगडी आणि वासा आणला पण. सोमा नुसता उभा, एकदा गाडीकडं बघतो, एकदा घराकडं. मला वाटलं, घाबरलाय.

तेव्हा मला भैया आठवला. धुआँ देख. मी बापाला बोललो, बा, मी सेल्फ मारतो, तू मागं सायलेन्सरपाशी बस आणि बघ धूर येतो का. मारला. बाप बोलला, काय नाय. परत मारला. काय नाय रं, वाफ पण नाय. गाडी नुसती गारठलेली असती तर न जळलेल्या डीझलचा पांढरा धूर आला असता. धूरच नाय म्हंजे डीझल इंजिनापर्यंत जातच नाय. एवढा वेळ मी थंडीशी भांडत होतो आणि दुखणं दुसरंच होतं. पाइपात हवा शिरली होती. गॅरेजात बोलतात, एअर धरली.

बाप बोलला, एअर म्हंजे काय, आपल्या बोलीत सांग. मी घाईत बोललो, वारं, वारं धरलंय गाडीनं.

बस. हा शब्द गेला वर पाड्यात. आमच्याकडं वारं म्हंजे काय ते तुमाला ठाऊक नसंल, बाहेरचं लागतं माणसाला त्याला वारं बोलतात. मी बोनेट उघडून पाना शोधतोय तोवर भगताला घेऊन आले, हातात सूप, सुपात तांदूळ. एक म्हातारी बोलते, लोखंडाला वारं लागतं का गं? दुसरी बोलते, रात्रीचं हिंडतं ना ते, लागणारच. भगत गाडीभोवती फिरला, मला विचारतो, चंदर, तोंड कुठलं हिचं? मला रडावं का हसावं कळंना. मी बोललो, हेच समजा, बोनेट. त्यानं तांदूळ टाकले, आणि घुमायला लागला.

मी खाली वाकलो. डीझलचा फिल्टर असतो, त्याच्या वाटीच्या बुडाला एक स्क्रू असतो, कचरा काढायचा. तो स्क्रू माझ्या बोटानं फिरला. पान्याशिवाय. बाकी सगळ्या फिल्टरवर धूळ, आणि तेवढी जागा धुतल्यासारखी चकचकीत, स्क्रूच्या डोक्यावर ताजे ओरखडे. कोयत्याच्या टोकाचे. कोणीतरी डीझल काढलं होतं आणि स्क्रू नीट आवळला नव्हता, तिथूनच हवा आत गेली.

मान वर केली. सोमा समोर उभा. त्याच्या नाकाखाली पण काजळी.

त्या महिन्यात रेशनला रॉकेल आलंच नव्हतं. जनीला कळा सुरू झाल्या, घरात अंधार, सुईण बोलली असंल, उजेड दे रं, मी बघू कशी. मंग त्यानं कुठून आणावं? बाटलीभर डीझल. माझ्याच गाडीतलं.

मी काय करावं? सगळा पाडा उभा, तो वासा हातात घेतलेले दोघं उभे. मी बोललो असतो तर त्याला तिथंच मारला असता. मी स्क्रू आवळला. हवा निघायला फिल्टरचा वरचा स्क्रू ढिला केला आणि तिथलाच छोटा हातपंप मारायला लागलो. आधी नुसता फुस्स आवाज, मंग फेस, पांढरा फेस उकळल्यासारखा, आणि मागनं भगताचं घुमणं. बाया वरडल्या, निघालं, निघालं, वारं निघालं. भगत बोलला, बघा. फेस थांबला, निव्वळ डीझल आलं, मी वरचा आवळला, पुढं पंपापाशी पण तसंच केलं, आणि सेल्फ मारला. पांढरा धूर. मंग खाकरली. मंग उठली.

जनीला त्याच घोंगडीत खाली आणली. गाडीत सोमानं तिचं डोकं मांडीवर धरलं. मोठा दवाखाना मोखाड्याला, तो रस्ता तेव्हा खड्ड्यांचा, जोरात हाकली तर ती वरडते, हळू हाकली तर देवकाबाय वरडते. दवाखान्यात डॉक्टरांनी लय केलं. जनी वाचली. पोर नाय वाचलं. मुलगा होता. डॉक्टर चांगला माणूस, त्याच्या मनात काय नव्हतं, तो सहज बोलला, थोडं आधी आणलं असतं तर.

सोमानं ते ऐकलं. मी त्याच्याकडं बघितलं नाय.

त्यावर त्यानं मला कधी विचारलं नाय, मी कधी काढलं नाय. मी तरी कुठल्या तोंडानं बोलू, उजेड नसता तर पाय आधी आलाय हे देवकाबायला तरी कधी कळलं असतं? कधी वाटतं त्या बाटलीनं पोर नेलं, कधी वाटतं त्याच बाटलीनं बहीण ठेवली. याचा हिशोब कुठला मिस्त्री करणार. पाड्याला विचारा, ते सांगतील भगतानं गाडीचं वारं काढलं. पौष लागला की अजून तांदूळ टाकायला येतात, मी बोनेट उघडून देतो.

आता रस्ता डांबरी झालाय. शेठची जीप भंगारात गेली, माझी स्वतःची हाय. जनीला पुढं मुलगी झाली, ती शाळेत जाते, मला मामा मामा करून डोकं खाते. आणि सोमा रोज दिवेलागणीला येतो. मी गाडी उतारावर लावलेली असते, तो चाकाचा दगड पायानं हलवून बघतो, खाली वाकून फिल्टरचा तो स्क्रू बोटानं दाबून बघतो, बोनेटवर गोधडी टाकतो, चारी कोपरे खोचतो, पोराला पांघरतात तसं. मंग जातो.

सोमा त्याचं नाव नाय, ताई. खरं नाव मी तुमाला सांगितलेलं नाय, सांगणार पण नाय. तुमी लिहा, सोमा. आणि निघा आता, दव पडायच्या आत घाट उतरा. तुमच्या घरी कधी उजेडाला काय कमी पडू नये.